साप हातात द्यायच्या आधी अंगण दाखवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, हे कुटुंब पुण्यातला फ्लॅट सोडून वाईजवळ सासरच्या गावी राहायला गेलं, जूनमध्ये सरपणाच्या ढिगातून धामण निघाली, शेजारच्यांनी काठ्यांनी मारली आणि सात वर्षांच्या मुलीने ते सगळं पायरीवर उभं राहून बघितलं. तेव्हापासून ती दिवेलागणीनंतर अंगणात पाय ठेवत नाही, रात्री बाथरूमला जायचं तर आईला उठवते. धाकटा चार वर्षांचा, तो अगदी उलटा, गांडूळ दिसो नाहीतर गोम दिसो, उचलायला धावतो. आजी म्हणतात सापाचं नावसुद्धा काढू नका. आणि ओळखीतला एक सर्पमित्र म्हणतोय की मी साप आणतो, पोरीच्या हातात देतो, एका दिवसात भीती मोडते. तर द्यावा का?

नका देऊ. हे आधी सांगून टाकतो, कारणं पुढे येतीलच.

मी कोरेगाव भागात गेली तेवीस वर्षं घरात-शेतात निघालेले साप पकडून वनखात्यात नोंद करून सोडायचं काम करतो, आणि त्यातली अठरा वर्षं शाळांमध्ये मुलांशी सापांवर बोलतो. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्यापुढचा खरा प्रश्न भीती घालवायचा नाहीचे. साप म्हटल्यावर थोडी भीती वाटणं बरोबरच आहे हो. सन २००० ते २०१९ या काळाचा जो मोठा अभ्यास झाला त्याचा अंदाज असा की आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं जातात, बहुतेक सगळी खेड्यापाड्यातली, आणि त्यातले जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे तुमच्या मुलीची भीती खोटी नाही, फक्त तिला आकार नाही. साप कुठे असतो, कधी निघतो, कशाला आला होता, यातलं काहीच तिला माहीत नाही, म्हणून तिला तो सगळीकडे दिसतो, अंथरुणाखाली पण आणि बादलीमागे पण. आणि धाकट्याला तर भीतीच नाही, त्याचा धोका मला मुलीपेक्षा जास्त वाटतो. दोघांना एकच गोष्ट शिकवायची नाही, एवढं पहिलं डोक्यात ठेवा.

आता हातात साप देण्याबद्दल. मी स्वतः सुरुवातीची पाच-सहा वर्षं हेच करायचो. धामण, तस्कर, कधी मांडूळ घेऊन शाळेत जायचो, पोरं रांगेने हात लावायची, टाळ्या व्हायच्या, मास्तर खूश, मी पण खूश. मग एका जिल्हा परिषदेच्या शाळेत कार्यक्रम झाल्यावर महिन्याभराने तिथल्या पाचवीतल्या मुलाचा चुलता मला फोन करतो, म्हणतो तुमच्या विद्यार्थ्याने अजगराचं पिल्लू धरून आणलंय, बादलीत ठेवलंय, घेऊन जा. गेलो. बादलीवर ताट, ताटावर दगड. ताट सरकवलं तर आतून कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार, आणि तळाशी हातभर लांबीची जहाल विषारी घोणस, अंगावर बदामी ठिपक्यांच्या तीन रांगा साखळीसारख्या. पोरगं अभिमानाने सांगत होतं, "सर, तुम्हीच म्हणालेला अजगर बिनविषारी असतो, काठीने ढकलत ढकलत आणला." नशिबाने त्याला काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. मी त्याला जे शिकवलं ते त्याने बरोब्बर केलं होतं, शिकवण्यातच चूक होती. मी त्याला नाव दिलं, बिनविषारी हा शब्द दिला, आणि मोठ्या माणसाला साप हातात धरताना दाखवलं, या तिन्हीची बेरीज त्याने केली.

तेव्हापासून जिवंत साप शाळेत नेणं बंद केलं. कायद्याचा भाग वेगळाच आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली साप असा बाळगणं, कार्यक्रमात फिरवणं हा गुन्हा आहे, आणि जो हे करायला तयार होतो त्याच्याकडून मुलीने काही शिकू नये असं मला मनापासून वाटतं. सापाचेही हाल होतात, पिशवीतून काढून पन्नास हातांतून फिरवलेला साप अर्धमेला होतो. पण ताई, तुमच्या मुलीपुरतं बोलायचं तर तिने दोन महिन्यांपूर्वी एक मरताना बघितलाय. तिच्या हातात जबरदस्तीने तोच प्राणी ठेवला तर ती कदाचित रडायची थांबेल, मोठी माणसं बघतायत म्हणून हसेल पण, रात्री मात्र तुम्हाला उठवायची ती उठवणारच.

विषारी-बिनविषारी ओळखायला मुलांना शिकवावं का, हे पण बरेच पालक विचारतात. दहा-बारा वर्षांच्या आत अजिबात नाही. नावं सांगा, चित्रं दाखवा, गोष्टी सांगा, पण "हा चालतो, हा चालत नाही" असा निर्णय लहान मुलाच्या हातात ठेवू नका. बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यात भले भले फसतात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक असतात, हे मी तुम्हाला लिहून सांगितलं तरी रात्री अकराला टॉर्चच्या उजेडात भिंतीच्या कडेने सळसळत जाणाऱ्या सापावर ते पट्टे मोजत कोण बसणार? मुलांसाठी नियम एकच, साप दिसला की लांबूनच बघायचा आणि मोठ्यांना सांगायचं, मग तो वाळा असो की नाग.

मग ओळख करून द्यायची ती कशाची? तर तो जगतो कसा, याची. आणि त्याची सुरुवात सापापासून करू नका, अंगणापासून करा.

मी जे करतो ते सांगतो. एक मोठा कागद घ्या, कॅलेंडरची पाठकोरी बाजू चालेल. मुलीला घराचा आणि अंगणाचा नकाशा काढू दे, पायरी, सरपण, गोठा असेल तर गोठा, नळ, मोरीचं पाणी जातं ती जागा, धान्याची कणगी, दगडी गडगा, जे असेल ते. मग तिला विचारा, यात उंदीर कुठे राहत असेल? बेडूक कुठे? पाली कुठे जास्त दिसतात? मुलं हे आपल्यापेक्षा चांगलं सांगतात, कारण ती जमिनीच्या जवळ असतात. ते सगळं झालं की शेवटचा प्रश्न, तुला भूक लागलीय, तुला पाय नाहीत, ऊन फार झालं तर तू मरशील, घार आणि मुंगूस तुझ्या मागे आहेत, पावसाचं पाणी तुझ्या बिळात शिरलंय, तर तू या अंगणात कुठे जाशील?

शंभरातली नव्वद मुलं बोट सरपणावर ठेवतात. तुमची मुलगी पण ठेवेल. आणि त्या क्षणी तिला कळतं की ती धामण आपल्याला चावायला आली नव्हती, उंदरामागे आली होती. साप काही घरात कोण राहतंय ते बघून येत नाही, उंदराच्या वासामागे येतो. हे एकदा पटलं की पुढचं तीच सांगते, सरपण भिंतीपासून लांब आणि जमिनीपासून वर रचूया, धान्य सांडलेलं झाडूया, मोरीला जाळी बसवूया. हे काम तिच्याबरोबर खरंच करा, दिवसाउजेडी, बूट घालून, सरपण तुम्ही हलवा आणि तिने लांब उभं राहून "इकडे ठेव, तिकडे ठेव" सांगायचं. तिच्या नकाशातली धोक्याची जागा तिच्या डोळ्यासमोर कमी होते, भीतीला आकार येतो म्हणतो तो असा.

दुसरी वस्तू म्हणजे कात. माझ्याकडे शर्टाच्या एका खोक्यात धामणीची अख्खी कात आहे, साडेसहा फुटांची, कोरेगावजवळच्या एका विहिरीच्या कठड्यावर मिळालेली. शाळेत आता मी तेवढीच नेतो, आणि जिवंत सापाने व्हायची त्यापेक्षा जास्त शांतता तिने होते. आधी मुलं म्हणतात ई, मग एकेक जण पुढे सरकतो. मी सांगतो डोक्याकडचा भाग बघा, डोळ्याच्या जागी भोक आहे का? नसतं. तिथे काचेसारखी बारीक गोल वाटी असते, सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवलाच असतो आणि कातीबरोबर तोही निघून येतो. कात टाकायच्या आधी काही दिवस त्याचे डोळे दुधाळ निळसर दिसतात, त्याला नीट दिसत नाही, म्हणून तो जास्त चिडका असतो. मग पोट बघा, रुंद आडव्या पट्ट्या, आणि पाठ बघा, बारीक खवले, म्हणजे सरपटायचं काम कोण करतं? आणि सगळ्यात गंमत, ही कात उलटी आहे, पायातला मोजा ओढून काढल्यावर आतली बाजू बाहेर येते तशी, तोंडापासून सुटते आणि साप स्वतःतून बाहेर चालत जातो. काढताना ताणली जाते म्हणून ती सापापेक्षा लांब असते, तेव्हा साडेसहा फुटी कातीवरून साडेसहा फुटी साप समजू नका.

गडग्यावर, कौलाखाली अशी कात कधी ना कधी मिळेलच. मोठ्यांनी काठीने उचलायची, उन्हात ठेवायची, मग मुलांना दाखवायची, नंतर साबणाने हात धुवायचे. मुलीला हात लावायचा नसेल तर नाही लावायचा. मी पाहिलंय, घाबरलेलं मूल पहिल्या दिवशी खोलीच्या दारातून बघतं आणि तिसऱ्या दिवशी भिंग मागतं. त्याला त्याच्या गतीने येऊ द्या.

जीभ, कान, विष याबद्दल मुलं हमखास विचारतात. जिभेने साप डंख मारत नाही, जीभ बाहेर काढून हवेतले वासाचे कण गोळा करतो, आणि ती दुभंगलेली असल्यामुळे वास डावीकडून येतोय की उजवीकडून हे त्याला कळतं. बाहेर कान नाहीत, पण जमिनीची थरथर जबड्याच्या हाडातून पोचते, म्हणून अंधारात पाय आपटत चाला असं म्हातारी माणसं सांगतात त्यात तथ्य आहे. विष मुळात भक्ष्यासाठी असतं, माणूस काही त्याचं भक्ष्य नाही. नाग अंडी घालतो, घोणस मात्र थेट पिल्लं देते, वीस-चाळीस एका वेळी, हे ऐकून मुलं सगळ्यात जास्त थक्क होतात. आणि दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहतात, ज्याला गावाकडे नाग आणि धामणीचं जुगल म्हणतात, ते बहुतेक वेळा दोन नर असतात, कुस्ती चाललेली असते. सातवीतली पोरं हे ऐकून घरी जाऊन आजोबांशी वाद घालतात.

आजींचं बघू. त्यांना गप्प करू नका, हे कळकळीने सांगतो. सापाला "लांबडं" म्हणणं, साप चावला तर "पान लागलं" म्हणणं, संध्याकाळी नाव न घेणं यात पिढ्यान्पिढ्यांची सावधगिरी आहे. तुमच्याकडे नागपंचमीला चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, जमीन खणायची नाही असं असेलच. त्यांना मुलीला शेतकऱ्याच्या नांगराखाली नागाची पिल्लं मेली ती कहाणी सांगू दे, पाटावर गंधाने नाग काढू दे. ऐन पावसाळ्यात, बिळातून पिल्लं बाहेर येतात त्या दिवसांत, जमिनीला हात लावू नका असं सांगणारा सण आहे हा, मुलीला याहून चांगला धडा कुठला मिळणार? फक्त दोन गोष्टी तुम्ही हळूच दुरुस्त करा. साप दूध पीत नाही, गारुड्याने तहानलेला ठेवलेला साप नाइलाजाने तोंड लावतो. आणि नाग डूख धरत नाही. ही दुसरी तुमच्या मुलीसाठी फार महत्त्वाची आहे, कारण मला जवळजवळ खात्री आहे की कुणीतरी तिच्यासमोर म्हणालं असणार, जोडीदार बदला घ्यायला येईल. विचारून बघा. असं असेल तर ती रात्री दाराकडे का बघते ते तुम्हाला कळेल. तिला स्पष्ट सांगा की सापाला माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही, त्यांच्यात जोडीने संसार नसतो, कुणी येणार नाही.

धामण मारली त्याबद्दलही खरं बोला. ती विषारी नव्हती, उंदीर खायची, मोठी माणसं घाबरली म्हणून मारली, आणि पुढच्या वेळी आपण तसं करणार नाही, फोन करणार. शेजाऱ्यांना वाईट ठरवू नका, शेतात वावरणारी माणसं आहेत, त्यांच्या घरात कुणाला पान लागलेलं असू शकतं. वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन फ्रिजवर मोठ्या आकड्यात चिकटवा, आणि तो कागद मुलीलाच लिहायला लावा.

धाकट्यासाठी गोष्टी-नकाशा काही नको, त्याला सवय लावा. स्टॅच्यूचा खेळ सगळ्यांना येतो. अंगणात दोरीचा तुकडा ठेवायचा, तो दिसला की "स्टॅच्यू", मग हळूहळू मागे मागे पावलं, आणि मग जोरात हाक "आई, साप". उचलायचा नाही, पळायचं नाही, दगड मारायचा नाही. साप स्वतःच्या लांबीइतकीसुद्धा झेप घेत नाही, चार-पाच पावलं मागे गेलं तरी मूल सुटतं. दोरी ठेवायचं काम त्याच्या ताईकडे, म्हणजे तुमच्या मुलीकडे द्या. तिला अचानक दोरी दाखवून घाबरवायचं नाही, ती ठेवणारी आणि तो शोधणारा. आठ-दहा दिवस रोज दोन मिनिटं, मग अधूनमधून. रबरी साप मात्र घरात आणू नका, चार वर्षांच्या मुलाला त्याच्याशी खेळायची सवय लागली की खरा पण खेळणंच वाटतो.

इथवरचं थोडक्यात, मुलीसाठी नकाशा, कात आणि खरं बोलणं, मुलासाठी स्टॅच्यू, दोघांसाठी हात न लावायचा नियम. बाकी काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. कोकणात असतात तर मी फुरसं या विषारी सापाबद्दल जास्त बोललो असतो, दगडाखाली हात घालू नका हे आधी सांगितलं असतं. तुमच्याकडे ऊस जवळ असेल तर घोणस गृहीत धरा, थंडीत ती ऊन खायला बांधावर येते. जमिनीवर झोपत असाल तर मण्यार, ती रात्रीची फिरते, म्हणून मच्छरदाणी लावून कडा गादीखाली चारी बाजूंनी खोचायच्या. आणि मुलीची झोप आणखी महिना-दीड महिना अशीच राहिली, खाणंपिणं कमी झालं, तर माझ्यासारख्याचं ऐकत बसू नका, मुलांच्या डॉक्टरांशी बोला.

एक गोष्ट दोन्ही मुलांना आज सांगा. काही चावलं, टोचलं, नुसतं वाटलं तरी लगेच सांगायचं, कुणी रागावणार नाही, तुम्ही नको म्हटलेल्या जागी गेली असतील तरी. ओरडा बसेल म्हणून तास-तासभर गप्प बसलेली मुलं मी हॉस्पिटलमध्ये बघितली आहेत. आणि मण्यारीचा दंश तर इतका बारीक असतो की झोपेत कळत पण नाही, पहाटे मूल पोटात दुखतंय म्हणतं, आई ओवा देते. पावसाळ्यात पहाटे पोटदुखी आणि त्याबरोबर पापण्या जड, गिळायला त्रास, आवाज बदललेला असं दिसलं तर खुणा शोधत बसू नका, सरळ १०८ ला फोन किंवा मिळेल त्या गाडीने प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, असलेलं सरकारी रुग्णालय. दंशाच्या जागी चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, हातपाय हलू द्यायचा नाही, साप पकडून न्यायचा नाही. लहान मुलाला प्रतिसर्पविषाचा डोस मोठ्या माणसाइतकाच लागतो, कारण सापाने सोडलेलं विष काही मूल बघून कमी झालेलं नसतं, तेव्हा डॉक्टर "एवढ्या बाटल्या" म्हणाले तर घाबरू नका. जवळच्या कुठल्या दवाखान्यात तो साठा असतो हे आत्ताच, आज नाही जमलं तर उद्या, स्वतः जाऊन विचारून या.

जिवंत साप बघायची इच्छा मुलीने स्वतःहून दाखवली तर पुण्यात कात्रजला न्या, १९८६ पासून तिथे सर्पोद्यान आहे. गर्दी नसलेला दिवस बघा. धामणीच्या काचेपुढे आधी जा, तिला हवं तितका वेळ उभं राहू द्या, मागे फिरली तर तुम्हीही फिरा, आणि येताना आइस्क्रीमच्या लालचीने "अजून एक बघ" करू नका.

आणि रात्रीच्या बाथरूमचं. तिला उठवू नको असं म्हणू नका, उठत जा तिच्याबरोबर. पण एक चांगली टॉर्च आणा, ती तिच्या उशाशी ठेवायची, तिचीच. पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी जमिनीवर उजेड, मग चप्पल उलटी करून झटकायची, मग दाराच्या उंबऱ्याकडे उजेड, मग पाऊल. पुढे ती चालेल, तुम्ही मागून.